बाधलेली बाटली

ब्रेडच्या तुकड्याचं त्या दोघांत दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. ओदीलनं वाइनचा घोट घेऊन तुकडा तोंडात टाकला, तर वाइन चांगली. तुकडा ताटाच्या कडेला ठेवला, तर काहीतरी बिघडलंय. मग आन्सेल्मनं ग्लास नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि गेली पंचेचाळीस वर्षं ज्या आवाजात निकाल दिला, त्याच आवाजात निकाल द्यायचा.

साथीच्या वर्षी त्याला ताप आला होता. आठ दिवसांत उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. वास नाही म्हणजे चवही नाही. जिभेवर उरलं ते नुसतं आंबट, गोड आणि तुरट. डॉक्टर म्हणाला, सहा महिन्यांत परत येईल. सहा महिने गेले, वर्ष गेलं. आन्सेल्मनं बायकोला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही, मुलांना तर नाहीच. आमच्या शांब्रोल गावात पाय गेलेला माणूस तळघरात काम करतो, कान गेलेला मळ्यात काम करतो, पण नाक गेलेल्या माणसाला कुठंच जागा नाही. त्यातून हा आन्सेल्म राब्यूतो. शेजारच्या गावांतले लोक बगलेत बाटली घेऊन यायचे आणि परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे त्याच्यासमोर उभे राहायचे.

तेव्हापासून ओदील त्याच्याबरोबर तळघरात जाऊ लागली. बॅटरी धरायला, असं सांगायची. सून क्लेमांस म्हणायची, "आमच्याकडे म्हाताऱ्यांचं नव्यानं लग्न झालंय." सगळे हसायचे, ओदीलही हसायची. पिंपातला पहिला घोट आता ती घेते, कुठलं पिंप कशात मिसळायचं तेही तीच ठरवते, हे कोणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. मुलगा रेमी मळा बघायचा आणि विक्रीची त्याला मोठी हौस. तळघर बाबांचं, तिथं लुडबुड करायची नाही, हा घरचा नियम.

आज संत व्हॅन्सांचा सण. द्राक्षवाल्यांचा हा लाकडी संत दर जानेवारीत मिरवत निघतो आणि वर्षभरासाठी एका घरी मुक्कामाला जातो. एकोणीस वर्षांनी पाळी राब्यूतोंची आली होती. सकाळची प्रार्थना आटोपून सगळे घरी आले, तेव्हा ओदील स्वयंपाकघरात वाइनच्या रश्श्यात अंडी सोडत होती आणि आन्सेल्म तिच्यामागं घिरट्या घालत होता.

"आज तू जागची हलू नकोस," तो म्हणाला.

"हलू नको म्हणजे? अंडी कोण वाढणार?"

"क्लेमांस वाढेल."

"क्लेमांसनं वाढली की आतलं पिवळं दगड होऊन येतं. मागच्या वेळी तूच म्हणालास."

"ओदील, आज पेलत्रा आहे."

ते तिला माहीत होतंच. लियोंच्या हॉटेलवाल्या पेलत्रांनी पंचवीस वर्षं क्लो ऊगेतची वाइन नेली होती. आन्सेल्मच्या आजीनं, ऊगेतनं, विकत घेऊन दगडी भिंत घातलेला तो मळ्याचा तुकडा म्हणजे या घराची अब्रू. यंदा रेमीनं त्या वाइनचा बाटलीमागचा भाव दोनशे युरोंवरून एकदम चारशेवर नेला. पेलत्रांनी उलट पत्र पाठवलं, की आन्सेल्मनं माझ्या तोंडावर 'मोलाची आहे' एवढा शब्द उच्चारावा, मी सगळी उचलतो. आन्सेल्मचा तो शब्द म्हणजे पेलत्रांना छापील दरपत्रकाहून मोठा.

"सांगून टाक त्यांना," ओदील म्हणाली.

"आज? संताच्या दिवशी?"

"खोटं बोलायला संत चालतो वाटतं."

"खोटं काय त्यात? तू चाखतेस, मी बोलतो. घरातलं माणूसच चाखतंय ना?"

ओदीलनं झाऱ्यानं एक अंडं अलगद उलटवलं. घरातलं माणूस. पंचेचाळीस वर्षांत त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं, की तुला ही कशी लागली. आता रोज विचारत होता, पण ब्रेडच्या तुकड्यातून, चारचौघांत कळू नये अशा बेतानं. तिला राग यायचा आणि राग आल्याची लाजही वाटायची. आजारी माणसावर काय रागवायचं?

"जा, बाहेर जाऊन बस," ती म्हणाली. "हलत नाही मी."

*

टेबलाशी सहा जण होते. डोक्याशी आन्सेल्म, त्याच्या उजव्या हाताला पेलत्रा, डावीकडं रेमी आणि क्लेमांस, समोर ओदील, आणि तिच्या शेजारी मुलगी सोलांज. सोलांज दिजोंला वाइन तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. गेल्या तोडणीच्या वेळी बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं, चार महिने ती घरी फिरकली नाही, आणि आजच पहिल्यांदा आली होती. आल्या आल्या बापानं तिच्या गालाला गाल लावला, म्हणजे भांडण मिटलं.

रेमीनं आधी दोन हजार दोनची क्लो ऊगेत काढली. हिच्या आता चारच बाटल्या उरल्या होत्या.

"मस्यू पेलत्रा, ही माझी पहिली तोडणी," तो म्हणाला. "आधी ही घ्या, म्हणजे वीस वर्षांनी आमची वाइन कुठं जाते ते कळेल. मग नवी. मग चारशे जास्त आहेत का, ते तुम्हीच सांगा."

"मी कशाला सांगू? सांगणारा बसलाय की इथं," पेलत्रांनी आन्सेल्मच्या दंडावर थोपटलं.

रेमीनं सगळ्यांचे ग्लास भरले. या घरात ग्लास सगळ्यांचे भरतात, पण आन्सेल्म घोट घेऊन बोलेपर्यंत कोणी हात लावत नाही. ओदीलनं ब्रेड मोडून तुकडा तयार ठेवला. ती सहज म्हणून ग्लासाकडं हात नेणार, एवढ्यात रस्त्यावर ढोल वाजला.

"अगं बाई, आले की हे!" क्लेमांस खिडकीशी धावली. "दोन वाजता येणार होते ना?"

संताला खांद्यावर घेऊन आठ जण अंगणात उभे होते. आमच्याकडे संताला घरात घ्यायचं ते घरच्या बाईनंच, उंबऱ्यावर उभं राहून, वाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं त्याचे लाकडी पाय पुसून. सुनेनं पुसलेले चालत नाहीत, मुलीनं पुसलेले चालत नाहीत. एकदा शेजारच्या गल्लीत सुनेनं पुसले, आणि त्या वर्षी गारांनी नेमका त्याच घरचा मळा झोडपला, असं अजून सांगतात. आठ माणसं थंडीत कुडकुडत उभी, त्यांना एकेक ग्लास, एकेक चीजचा गरम गोळा द्यायला हवा. ओदील उठली. उठताना तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि तिची नजर साफ सांगत होती, थांब.

"थांबू या," आन्सेल्म म्हणाला. "ओदील येऊ दे."

रेमीला हसू आलं. "आईसाठी? बाबा, बाटली उघडी आहे. मस्यू पेलत्रांना पाचची गाडी आहे. आई पिईल नंतर, तिला कुठं एवढं कळतंय?"

पेलत्राही हसले, वाईट हेतूनं नाही. त्या टेबलावर ओदीलसाठी आजवर कोणी कधी थांबलं नव्हतं, आन्सेल्म तर नाहीच. आता थांबलं तर उलट डोळ्यांवर आलं असतं. आन्सेल्मनं ग्लास उचलला.

रंग सुरेख होता, कडेला विटेसारखी झाक. एवढं त्याला डोळ्यांनी कळलं. त्यानं ग्लास फिरवला, नाक आत घातलं, आणि नेहमीसारखंच तिथं काही नव्हतं. दोन हजार दोन. चारेक वर्षांपूर्वी शेवटची प्यायला होता. ती कशी होती ते त्याला शब्दन् शब्द पाठ होतं, म्हणून त्यानं पाठ म्हणून दाखवलं.

"चेरी," तो डोळे मिटून म्हणाला. "पण ताजी नाही, वाळवलेली. मग पाऊस पडून गेल्यावर जंगलातल्या पानांचा वास. आणि शेवटी, अगदी शेवटी, थोडंसं कातडं, जुन्या खोगिरासारखं." त्यानं डोळे उघडले. "आजवरची ही सगळ्यांत चांगली निघाली. मोलाची आहे."

*

रेमीनं ग्लास नाकाशी नेला आणि तसाच मागं घेतला.

ओल्या पुठ्ठ्याचा वास. गोणपाट पावसात भिजून कोपऱ्यात आठवडाभर पडावं, तसा. बुचाची बाधा. शंभर बाटल्यांत एखाद-दुसरी निघतेच. बुचातच काहीतरी असतं, त्यात ना मळ्याचा दोष, ना माणसाचा. मोरीत ओतायची, दुसरी उघडायची, आणि विसरून जायचं. शांब्रोलमधलं दहा वर्षांचं पोरही ते ओळखतं.

पण बाबा म्हणाले, मोलाची आहे.

रेमीला आपला एकोणिसावा वाढदिवस आठवला. याच टेबलाशी, पाहुण्यांसमोर त्यानं मोठ्या ऐटीत एक बाटली बाधलेली आहे म्हणून जाहीर केलं होतं. बाबांनी हुंगून पाहिलं आणि म्हणाले, "बूच ठीक आहे. बाधलंय ते तुझं नाक." बाटली खरंच चांगली होती. वर्षभर गावात लोक त्याला बघितलं की नाक चिमटीत धरायचे. त्यानंतर रेमीनं त्या टेबलावर बाबांच्या आधी कधी तोंड उघडलं नाही, आणि नंतरही त्यांच्याहून वेगळं काही बोलला नाही. आता चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, आणि ओल्या पुठ्ठ्याच्या वासात तो स्वतःच्याच नाकावर संशय घेत होता. परवा सर्दी झाली होती. त्यानंच असेल.

"खोगीर," तो म्हणाला. "हो, आहे. शेवटी येतं."

"मला तर चेरीच जास्त वाटली," क्लेमांस म्हणाली. तिनं घोट गिळला आणि घाईघाईनं पाणी प्यायलं.

सोलांजनं ग्लासाला हातही लावला नाही. हे ओळखणं तिचा धंदा होता. महिन्याकाठी शेकडो नमुने तिच्या नाकाखालून जात, आणि ही बाधा तिला ग्लास भरतानाच कळली होती. ती बापाकडं बघत राहिली. नाताळच्या आठवड्यात तिनं फोन केला होता, तेव्हा आई सांगत होती, दूध करपून घरभर धूर झाला आणि हे तिथंच पेपर वाचत बसले होते. मघाशीही, उंबरठ्यापर्यंत उग्र वास मारणाऱ्या एपवास चीजचं डबडं त्यांच्या कोपराशी उघडं पडलं होतं. एरवी ते म्हणायचे, हे न्या, नाहीतर मी वाइन चाखणार नाही. आज एक शब्द नाही. तिनं एकाला एक जोडलं: बाबांना वासच येत नाही.

आता सांगितलं तर? पाहुण्यासमोर? आजच तर गालाला गाल लागला होता. तिनं ग्लास उचलला आणि औषध घ्यावं तशी ती वाइन घोट घोट करून संपवली. ज्या कामाचा पगार घेते तेच काम बापाच्या टेबलावर करायची आपली छाती झाली नाही, हे तिला प्रत्येक घोटाला कळत होतं.

आणि पेलत्रा? पंचवीस वर्षं हॉटेल चालवलेला माणूस. बाधलेल्या बाटल्या त्यांनी आयुष्यात हजारांनी परत घेतल्या असतील, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. पण तिथं गिऱ्हाईक बोलायचं, ते ऐकायचे. इथं आन्सेल्म राब्यूतो बोलला होता, त्याच्याच घरात, त्याच्याच सणाला. पेलत्रांनी क्षणभर ग्लासात पाहिलं.

"वा," ते म्हणाले, आणि प्यायले.

मग सगळेच प्यायले. रेमीनं राहिलेली बाटली पुन्हा फिरवली, आणि कोणी नको म्हटलं नाही, कारण दोन हजार दोनला नको म्हणणारा माणूस आमच्याकडे वेडा ठरतो.

*

ओदील आली तेव्हा तिचे गाल थंडीनं लाल झाले होते. तिच्यामागून दोघांनी संताला आत आणून कपाटावर ठेवलं, ढोलवाले गेले, दार लागलं.

"पाय पुसले नीट," ती हात चोळत म्हणाली. "वर्षभर कोणी याच्यावरून धूळ काढली नव्हती, मेल्यांनी." ती बसली आणि तिनं ग्लास ओढला.

"प्या, प्या," क्लेमांस म्हणाली. "बाबा म्हणाले, आजवरची सगळ्यांत चांगली निघाली."

ओदीलचं नाक ग्लासाच्या कडेशीच थांबलं. तिनं टेबलावरून नजर फिरवली. रेमीचा ग्लास तळाला गेलेला, सोलांजचा रिकामा, पेलत्रांचा रिकामा. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो तिच्या हाताकडं बघत होता, त्या तुकड्याकडं.

तिनं तुकडा ताटाच्या कडेला ठेवला.

आन्सेल्मचा चेहरा पांढरा पडला. बस, आता एवढ्यावर सोडून दिलं असतं तर भागलं असतं. पण पाच माणसांनी तो घाणेरडा घोट मुकाट गिळलाय हे बघून ओदीलला कसंसंच झालं. आपल्या घरी बोलावून माणसांना गटारातलं पाणी पाजावं आणि त्यांनी वा म्हणावं, याची तिला मनस्वी शरम वाटली.

"ही बाधलीय," ती म्हणाली.

"काय?"

"बुचाची बाधा आहे. ओता ती आणि दुसरी उघडा. तीन आहेत ना अजून?"

रेमीच्या मानेवरची शीर ताठ झाली. आई खरं बोलतेय हे त्याला माहीत होतं, म्हणूनच तो जास्त चिडला.

"आई, तुला काय कळतंय त्यातलं? बाबांनी निकाल दिलाय. तू तुझी अंडी बघ."

"अंडी झाली बघून. ही वाइन खराब आहे, रेमी."

सगळ्यांनी आन्सेल्मकडं पाहिलं. ओदीलनंही पाहिलं. त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की असेल, आण रे दुसरी. तेवढ्यानंही चाललं असतं. पण पेलत्रा शेजारी होते, नवी बाटली अजून उघडायची होती, आणि ज्या माणसानं मघाशी खोगिरापर्यंत वर्णन केलं, त्यानं आता असेल कसं म्हणायचं? तो हसला. मोठ्यानं हसला.

"बूच ठीक आहे गं," तो म्हणाला. "सकाळपासून रश्श्याच्या वाफेत उभी आहेस, तुझंच नाक शिजलंय."

रेमी हसला. क्लेमांस हसली. पेलत्रा हसले, रुमाल तोंडाला लावून. सोलांज हसली नाही, पण तिनं खाली मान घातली, आणि ते काही फार वेगळं नव्हतं.

ओदीलनं ग्लास भरलेलाच बाजूला सारला.

"शिजलं असेल," ती म्हणाली. मग तिनं ब्रेडची टोपली उचलली आणि सोलांजच्या पलीकडं, हात पुरणार नाही अशी ठेवून दिली.

*

नवी बाटली मोज्यात घालून आली. आजी ऊगेतनं विणलेला तो लोकरीचा मोजा. बाटलीवरचं नाव बघून वाइन चाखायची नाही, हा तिचा दंडक. आत काय आहे ते आज सगळ्यांनाच माहीत होतं, पण सणाला मोजा हवाच. रेमीनं नव्या ग्लासांत थोडी थोडी ओतली.

"हं," पेलत्रा म्हणाले. "आन्सेल्म, मी चाखणारसुद्धा नाही. तुमचा शब्द द्या. चारशेच्या मोलाची आहे, एवढं म्हणा, आणि मी सगळी लियोंला नेतो."

आन्सेल्मनं ग्लास उचलला. समोर ओदीलनंही उचलला, हुंगला, लहानसा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला. आणि तिनं दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर ठेवले.

तो वाट बघत राहिला. हात वर आले नाहीत. ती रागानंही बघत नव्हती. खिडकीबाहेर, भिंतीपलीकडच्या उघड्या वेलींकडं बघत होती.

त्यानं ग्लास नाकाशी नेला. काही नाही. घोट घेतला तर नुसतं थंड, तुरट पाणी. एक शब्द तर बोलायचा होता. चांगलीच असणार, हिनंच केलेली, हिचं नाक कधी चुकत नाही. हिचं नाक कधी चुकत नाही, हे त्याच्या मनात आलं आणि मघाचं स्वतःचं हसणं त्याच्या कानात परत वाजलं. दोन वर्षं ही बाई त्याच्यामागं जिने चढउतार करत होती. कुठंही, चुकूनसुद्धा, हे मी सांगितलं म्हणाली नव्हती. आणि त्यानं तिला, जिचं नाक उसनं घेऊन तो गावात मिरवत होता तिला, सगळ्यांदेखत नाकावरून हिणवलं. बाप म्हणून, नवरा म्हणून त्यानं आयुष्यात बऱ्याच गोष्टी चुकीच्या केल्या होत्या, पण एवढं हलकं काही केल्याचं त्याला आठवेना.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

रेमीला वाटलं बाबा भाव खातायत. "म्हणजे, अजून थोडी मुरायला हवी?"

"म्हणजे माहीत नाही. मला वास येत नाही. तापात गेला तो गेला." त्यानं ग्लास खाली ठेवला. "दोन वर्षं झाली. तुझी आई चाखते. ही सगळी वाइन, हे मोज्यातलं, तुझ्या आईनं केलंय. मी नुसता बोलतो."

क्लेमांसच्या हातातला काटा ताटावर वाजला.

"आणि मघाची," आन्सेल्म म्हणाला, "मघाची बाधलेली होती ना?"

त्यानं एकेकाला गाठलं.

"सोलांज. तुझं कामच आहे ते."

"होती, बाबा."

"रेमी?"

रेमीनं टेबलक्लॉथवरचा एक डाग नखानं खरवडला. "होती."

"मस्यू पेलत्रा?"

पेलत्रांनी घसा साफ केला. "थोडीशी."

"थोडीशी!" ओदील म्हणाली.

एरवी अशा वेळी कोणीतरी हसलं असतं. आज कोणाचीच मान वर येईना. सहा माणसं, सगळी जन्मभर वाइनवर जगलेली, आणि एका म्हाताऱ्याचा शब्द खाली पडू नये म्हणून चार जणांनी पुठ्ठा गिळला होता. ज्या एकीनं गिळला नाही, तिला हसले होते.

मग पेलत्रा ओदीलकडं वळले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडं वाइनसाठी पाहिलं.

"मादाम, मग तुम्ही सांगा. चारशेच्या मोलाची आहे?"

"आई," रेमी हलकेच म्हणाला. त्या एका हाकेत विनवणी होती. यंदाच्या भावावर विसंबून त्यानं द्राक्षं पिळायचं नवं दाबयंत्र घ्यायचा शब्द दिलेला होता, ते तिलाही माहीत होतं. बापाचं नाव वाचायचं असेल, लेकाचा शब्द राहायचा असेल, तर तिनं फक्त हो म्हणायचं होतं. सगळं घर तिच्या एका शब्दावर उभं होतं. आणि हा शब्द तिच्याकडं पहिल्यांदाच कोणी मागत होतं.

तिनं पुन्हा एक घोट घेतला, सावकाश.

"चांगली आहे," ती म्हणाली. "मीच केलीय, म्हणून सांगते. दोन पिंपं मी उशिरा उतरवली, तिथं जरा चुकलंच. दहा वर्षांनी सुंदर होईल. पण चारशे? चारशे हिचे नाहीत. ते आन्सेल्मच्या नाकाचे आहेत, आणि ते नाक आता नाही. दोनशे घेत होतो तेवढे घ्यावेत."

रेमीनं डोळे मिटले. आन्सेल्मनं मात्र तिच्याकडं असं पाहिलं, की जणू ती निकाल देताना तो पहिल्यांदाच ऐकत होता. आणि ते खरंच होतं.

"ओदील," तो म्हणाला, "मघाशी मी..."

"नंतर," ती म्हणाली. "अंडी गार होतायत."

*

पेलत्रा चारच्या आधीच उठले. दारात कोट चढवताना त्यांनी दोनशेनं नेहमीएवढी पाठवा म्हणून सांगितलं, पण नेहमीसारखी आन्सेल्मला मिठी मारली नाही. दोघांनी नुसते हात मिळवले. मग ते ओदीलजवळ थांबले.

"मादाम, मला ती ग्लासात पडताच कळलं होतं. बोललो नाही."

"माहीत आहे मला," ओदील म्हणाली. "वर हसलातही."

ते टोपी घालून निघून गेले.

सोलांज बापाजवळ जाऊन बसली. क्लेमांस उगाचच संताच्या पायाशी फुलं नीट करत होती. ओदील टेबल आवरायला उठली तेव्हा रेमीनं तिच्या हातातून तबक घेतलं. लग्नानंतर त्यानं या घरात कधी भांडं उचललं नव्हतं.

"राहू दे, मी करतो."

"बाधलेल्या वाइनचे ग्लास वेगळे ठेव," ती म्हणाली. "आणि उरलेली व्हिनेगरच्या पिंपात नको टाकूस, सगळं पिंप जाईल. मोरीत ओत."

स्वयंपाकघरात त्यानं तबक मोरीशी ठेवलं. सहा ग्लास. त्यानं बाबांचा उचलला आणि उलटा केला. काही पडलं नाही. सोलांजचा उलटा केला. पेलत्रांचा, क्लेमांसचा. मग स्वतःचा, तो त्यानं दोनदा भरून घेतला होता. शेवटी आईचा होता, भरलेला, तसाच. तो त्यानं ओतला. ओल्या पुठ्ठ्याचा वास वर आला, आणि आता त्याला सर्दीची सबब सुचेना.

ओदील एप्रनला हात पुसत दारात आली.

"ओतलीस का सगळी?"

तो वळला नाही. नळ उघडा होता, त्यानं तो बंद केला.

"ओतायला तुझाच एक ग्लास होता, आई," तो म्हणाला. "बाकीची आम्ही प्यायलो."